रिपोर्टच्या आधीची वीस वर्षं

प्रश्न: वडिलांना (वय ५७) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आहे, यकृतातही दोन गाठी दिसताहेत. त्यांना कसलंही व्यसन नाही, घराण्यात कुणाला कॅन्सर नाही, मागच्या वर्षी केलेल्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या. मग एका वर्षात हे आलं कुठून? शरीरात नेमकं काय घडतं?

उत्तर:

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायॉप्सीत घेतलेले किंवा शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि निदान लिहायचं, हे माझं रोजचं काम. पेशंट मला क्वचित भेटतात, त्यांच्या पेशी मात्र रोज भेटतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही पेशींपाशीच आहे, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल.

आधी ‘एका वर्षात’ हा भाग निकालात काढू, कारण घरच्यांना तोच सगळ्यात जास्त छळतो. गाठ सुरू होते ती एका पेशीपासून. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं ३० वेळा दुप्पट झालं की साधारण १०० कोटी पेशी होतात. ढोबळ हिशोबाने ती गाठ एक सेंटिमीटरची आणि ग्रॅमभर वजनाची भरते. तिथून आणखी १० वेळा दुप्पट झाली तर किलोभर. म्हणजे स्कॅनवर ती ठळकपणे दिसते तेव्हा तिच्या वाढीच्या चार हिश्श्यांपैकी तीन उलटून गेलेले असतात. शिवाय हा हिशोब एकही पेशी मरत नाही असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात गाठीतल्या पेशी सतत मरतही असतात, त्यामुळे वेळ त्याहून जास्त लागतो. मोठ्या आतड्यात साध्या पॉलिपपासून (अस्तरावरच्या छोट्या उंचवट्यापासून) कॅन्सरपर्यंतचा प्रवासच बहुधा १० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि पॉलिपच्याही आधी पहिला बदल होऊन बरीच वर्षं झालेली असतात.

म्हणजे मागच्या वर्षी ती गाठ होतीच. मग रक्तात का दिसली नाही? साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉइड या तपासण्या आतड्याकडे बघतच नाहीत. गाठीतून थोडंथोडं रक्त जात राहिलं तर हिमोग्लोबिन उतरतं, पण तेही उशिरा. सीईए नावाची, काही कॅन्सरमध्ये वाढणारं रक्तातलं एक प्रथिन मोजणारी चाचणीसुद्धा सुरुवातीच्या अवस्थेत बऱ्याच जणांची नॉर्मल येते, म्हणून निदानासाठी आम्ही तिच्यावर विसंबत नाही. ‘फुल बॉडी चेकअप’ या नावातलं ‘फुल’ कुणी फार मनावर घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे लाखो सूक्ष्म खळग्यांची जमीन. या खळग्यांना आम्ही क्रिप्ट म्हणतो. प्रत्येक क्रिप्टच्या तळाशी थोड्याशा मूलपेशी बसलेल्या असतात. त्या विभागतात, त्यांच्या लेकी वर सरकतात, काम करतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. आयुष्यभर हे चालू असतं. प्रत्येक विभाजनात सुमारे ६०० कोटी अक्षरांचा डीएनए उतरवून काढावा लागतो. ही नक्कल अचंबा वाटावा इतकी शुद्ध असते: तपासणी आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं धरली तर अब्जभर अक्षरांमागे एखादी चूक राहते, किंवा तीही राहत नाही. पण इतक्या विभाजनांचा गुणाकार केला की एखादी चूकही साठत जाते. निरोगी माणसांच्या आतड्यातल्या एकेका क्रिप्टचा डीएनए वाचून पाहिला, तेव्हा मूलपेशीत वर्षाला साधारण ४० नवे बदल जमा होतात असं आढळलं. साठीच्या माणसाच्या प्रत्येक क्रिप्टमध्ये असे दोन-अडीच हजार बदल असतात. तुमच्या वडिलांच्या, आणि त्या वयाला आल्यावर तुमच्या-माझ्याही.

यातले बहुतेक बदल कुणाचं काही बिघडवत नाहीत, कारण डीएनएचा फार थोडा भाग प्रत्यक्ष प्रथिनं बनवायला लागतो. पण सुमारे २०,००० जनुकांपैकी काहीशे अशी आहेत की त्यांच्यात बदल झाला तर पेशीच्या वागण्यावर परिणाम होतो. ती कुठून आली याचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीची गाठ वाटून, पेशी गाळून टाकून, उरलेला द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला, आणि तिलाही गाठ झाली. कारण होतं एक विषाणू. पुढे त्या विषाणूतलं गाठ करणारं जनुकही सापडलं, त्याचं नाव ‘सार्क’. तेव्हा वाटलं, कॅन्सर बाहेरून येतो, सुगावा लागला. पण १९७६ मध्ये मायकल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाने दाखवलं की ते जनुक मुळात निरोगी कोंबडीचंच आहे. विषाणूने ते तिच्याकडून उचललं होतं. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं ते रोजच्या कामाचं जनुक. त्याच्यासारखी जनुकं माणसात आहेत, माशांत आहेत, माशीतही आहेत. जखम भरते ती अशाच जनुकांमुळे. या कामाला १९८९ चं नोबेल मिळालं. कॅन्सर हा शरीरात शिरलेला परका नाही, आपलीच यंत्रणा भलत्या वेळी, भलत्या जागी चालू राहिलेली आहे, हे तिथे पक्कं झालं.

दुसरा गट उलट स्वभावाचा: थांबवणाऱ्या जनुकांचा. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या नोंदी तपासल्या. काही मुलांना ती दोन्ही डोळ्यांत आणि फार लवकर होते, काहींना एकाच डोळ्यात आणि थोडी उशिरा. त्यांनी गणिताने अनुमान काढलं की दोन घाव लागत असणार. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. दोन्ही बिघडल्या तरच लगाम सुटतो. ज्या मुलाला एक प्रत जन्मतःच बिघडलेली मिळाली, त्याला एकच घाव पुरतो. ते जनुक, त्याचं नाव ‘आरबी’, प्रत्यक्ष हाती लागायला १९८६ उजाडलं.

आता हे आतड्यात बसवून बघा. क्रिप्टच्या तळाशी पेशीला विभागण्याचा निरोप मिळत असतो. ती वर सरकते तसा तो निरोप पुसला जायला हवा, आणि ते काम एपीसी नावाचं प्रथिन करतं. एका मूलपेशीतल्या एपीसीच्या दोन्ही प्रती गेल्या की तिच्या लेकी वर येऊनही विभागतच राहतात. खळगा भरून वर येतो, त्याचा उंचवटा होतो, म्हणजेच पॉलिप. आमच्या भाषेत अडिनोमा. मोठ्या आतड्याच्या दर पाच कॅन्सरपैकी सुमारे चारांत एपीसी बिघडलेलं सापडतं. पुढे त्याच गोतावळ्यातल्या एखाद्या पेशीत केरास या जनुकाचं एक अक्षर बदलतं, बहुतेकदा प्रथिनातल्या बाराव्या जागेचं. एरवी निरोप पोचवून गप्प बसणारं हे प्रथिन मग चालूच राहतं आणि पॉलिप झपाट्याने वाढतो. त्यानंतर कधीतरी टीपी५३ जातं. डीएनए फार बिघडला तर पेशीला थांबवायचं, नाहीतर मरायला लावायचं, हे टीपी५३ चं काम. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये ते नादुरुस्त असतं. ते गेल्यावर रंगसूत्रांचे तुकडे पडले, भलतीकडे जोडले गेले, संख्या कमीजास्त झाली, तरी पेशी जगत राहते.

ही पायऱ्यांची मांडणी एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये केली. ती पाठ्यपुस्तकांत इतकी शिरली आहे की वाचणाऱ्याला वाटतं, प्रत्येक गाठ शिस्तीत एकेक पायरी चढते. तसं नसतं. क्रम बदलतो, काही पायऱ्या गाळल्या जातात, आणि काही गाठींचा रस्ता पूर्णच वेगळा असतो. शिवाय बहुतेक पॉलिप आयुष्यभर पॉलिपच राहतात.

हा मुद्दा लेखांमध्ये फार क्वचित येतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. डीएनएतला बदल, म्हणजेच म्युटेशन, म्हणजे कॅन्सर नव्हे. २०१५ मध्ये मध्यमवयीन आणि वयस्क माणसांच्या पापण्यांची शस्त्रक्रियेत उरलेली, दिसायला निरोगी कातडी तपासली, तेव्हा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त पेशींमध्ये कॅन्सरशी संबंध असलेली म्युटेशनं निघाली. अन्ननलिकेचं तर आणखी नवल. मध्यम वयानंतर तिच्या निरोगी अस्तराचा अर्ध्याहून मोठा भाग अशा बदललेल्या पेशींनी व्यापलेला असतो. त्यात नॉच१ या जनुकाचे बदल निरोगी अन्ननलिकेत जितके सापडतात, तितके अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्येही सापडत नाहीत. ती माणसं धडधाकट होती. म्हणजे बिघडलेल्या पेशी आपल्या सगळ्यांच्या अंगात आहेत आणि त्या आपापसांत जागेसाठी झगडत आहेत. कोणती पेशी टिकते हे फक्त तिच्या म्युटेशनवर ठरत नाही, आजूबाजूच्या पेशी, खालची आधार देणारी संयोजी ऊती, सूज, रोगप्रतिकारशक्ती हे सगळं मिळून ठरतं. राउस यांचाच विषाणू कोंबडीच्या गर्भात टोचला तर गाठ होत नाही, हे १९८४ मध्ये मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. विषाणू तोच आणि जनुकही तेच, भोवताल तेवढा वेगळा.

पीटर नोवेल यांनी १९७६ मध्येच म्हटलं होतं की गाठ म्हणजे पेशींची उत्क्रांती. थोडा बदल, निवड, त्यातून वरचढ झालेल्यांची पिलावळ, तिच्यात पुन्हा बदल. मला आजही याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही. दीर्घकाळ टिकणारी सूज धोकादायक का, तेही यातून कळतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज), हिपॅटायटिस बी किंवा सी, जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, या सगळ्यांत पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी नव्या घाईने तयार होत राहतात आणि बिघडलेल्यांना पसरायला रिकामी जागा मिळत राहते.

अनेक घाव लागतात आणि त्यांना वेळ लागतो, म्हणूनच कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी १९५४ मध्ये मृत्यूच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की अनेक कॅन्सरचं प्रमाण वयाच्या सुमारे सहाव्या घाताने चढतं. त्यावरून सहा-सात टप्पे असावेत असं त्यांनी अनुमान केलं. डीएनएची रचना कळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं!

व्यसन नसताना मग का? कारण व्यसन हा घाव लवकर आणि जास्त घालण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. तंबाखूच्या धुरातली रसायनं डीएनएला चिकटतात. रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या पेशीत वर्षाला दीडशेच्या आसपास जादा म्युटेशनं पडतात असा अंदाज आहे. अतिनील किरणं त्वचेवर हेच करतात. गर्भाशयमुखात एचपीव्ही हा विषाणू दोन प्रथिनं बनवतो. एक टीपी५३ च्या प्रथिनाला नष्ट करायला लावतं, दुसरं नुडसन यांच्या त्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. दोन्ही पहारेकरी एकाच झटक्यात जातात. मोठ्या आतड्याच्या बाबतीत वय, लठ्ठपणा, बैठं आयुष्य, दारू, प्रक्रिया केलेलं मांस आणि आहारात तंतूंची कमतरता यांनी धोका वाढतो. पण यातलं काहीही नसलेल्या माणसालाही नुसत्या नक्कल करतानाच्या चुका पुरेशा ठरू शकतात. याला ‘नशीब’ म्हणण्यावरून २०१५ पासून शास्त्रज्ञांत बरीच हमरीतुमरी झाली आहे. माझं मत असं: लोकसंख्येचा विचार करताना टाळता येण्याजोगी कारणं खूप मोठी आहेत, आणि एका विशिष्ट माणसाला बोट दाखवून ‘तुझ्या अमुक चुकीमुळे’ असं सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ताणतणाव, कधीतरी पोटाला बसलेला मार, खाल्लेली मिठाई, यांचा हिशोब मांडत बसू नका.

आता मला स्लाइडवर काय दिसतं ते सांगतो. निरोगी क्रिप्ट परीक्षानळ्यांसारख्या एकसारख्या दिसतात आणि प्रत्येक पेशीचं केंद्रक तळाला शहाण्यासारखं बसलेलं असतं. अडिनोमात केंद्रकं लांबट आणि गडद होतात, दाटीवाटीने एकमेकांवर चढतात. बिघाड वाढला की ती पेशीच्या वरच्या टोकापर्यंत येतात आणि ग्रंथींचे आकार वेडेवाकडे होतात. याला हाय ग्रेड डिस्प्लेजिया म्हणतात. इथपर्यंत सगळं अस्तरातच असतं. अस्तराखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो. तो ओलांडून ग्रंथी खाली उतरल्या की कॅन्सर म्हणायचं, त्याआधी नाही. ही ओळ ओलांडली आहे की नाही यावर आम्ही कधीकधी तासभर वाद घालतो, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरात लसिकावाहिन्या जवळजवळ नसतात, थराखाली मात्र भरपूर असतात. ओळीच्या वर असलेला पॉलिप कोलोनोस्कोपीत पुरता काढला की विषय संपतो. खाली उतरलेल्या पेशीला बाहेर पडायचे रस्ते मिळतात.

दरम्यान गाठीने इतर गोष्टीही मिळवलेल्या असतात. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. गाठ शेजारच्या वाहिन्यांना फुटवे फोडायला लावते. रंगसूत्रांची टोकं विभाजनागणिक झिजतात आणि एका मर्यादेनंतर पेशी थांबते. बहुतेक कॅन्सर टेलोमरेज हे विकर चालू करून ती मर्यादा उठवतात. आणि रोगप्रतिकारक पेशींना ‘मला सोड’ म्हणणारी प्रथिनं अंगावर मिरवतात. हा शेवटचा डाव उलटवणाऱ्या औषधांच्या, म्हणजे इम्युनोथेरपीच्या, संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं.

यकृतच का? मोठ्या आतड्याचं बहुतेक रक्त पोर्टल शिरेवाटे आधी यकृतात जातं, म्हणून सुटलेल्या पेशींना लागणारी पहिली चाळणी तीच. पण नुसता रस्ता पुरत नाही. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या शेकडो शवविच्छेदनांच्या नोंदी पाहून म्हटलं की बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवणाऱ्या मातीतच. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तात सोडलेल्या कॅन्सरपेशींपैकी हजारात जेमतेम एखादी नवी गाठ करू शकते असं दिसलं. बाकीच्या रक्तप्रवाहाच्या ताणाने, प्रतिकारशक्तीने किंवा परक्या जागी न रुजल्याने मरतात. ज्या रुजतात त्यातल्या काही वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, म्हणून बरा झालेला आजार उशिरा उलटतो. ‘बायॉप्सी केली म्हणून पसरला’ असं कुणी सांगेल. यकृतात दिसण्याएवढ्या गाठी बायॉप्सीच्या कितीतरी आधीपासून वाढत असतात.

यकृतातल्या गाठींना ‘यकृताचा कॅन्सर’ म्हणू नका, आणि कुणी म्हटलं तर दुरुस्त करा. त्यांचा तुकडा घेतला तर मला स्लाइडवर आतड्याच्याच ग्रंथी दिसतील. उपचारही आतड्याच्या कॅन्सरचेच होतील. गाठी दोनच असतील आणि जागा सोयीची असेल, तर काही पेशंटमध्ये त्या शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्यातले काही पूर्ण बरेही होतात. म्हणून यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं मत सुरुवातीलाच घ्या; केमोथेरपीचे सगळे डोस संपल्यावर विचारू, असं करू नका.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा, नसतील तर मागा. पहिली, रास जनुकांची तपासणी. केरास किंवा त्याचं भावंड एनरास बदललेलं असेल तर ईजीएफआर (पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन) अडवणारी औषधं लागू पडत नाहीत. दुसरी, एमएमआर प्रथिनांची: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी टोळी ती हीच. यातलं एखादं नसेल तर इम्युनोथेरपीचा चांगला उपयोग होण्याची शक्यता असते, आणि हा बिघाड आनुवंशिक, म्हणजे लिंच सिंड्रोम, तर नाही ना हेही पाहावं लागतं. घराण्यात कुणाला नाही एवढ्याने तो बाद होत नाही. कुटुंब लहान असलं किंवा माणसं दुसऱ्या कारणाने लवकर गेली तर तो लपून राहतो.

लिंच निघाला, तर ज्या भावंडांत तो बदल सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी. नाही निघाला तरी वडिलांचं निदान साठीच्या आत झालं आहे, त्यामुळे तुम्हा सगळ्या भावंडांची पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीला व्हायला हवी आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी. तुमच्यापैकी कुणी चाळिशी ओलांडली असेल तर वडिलांची धावपळ थोडी आटोक्यात आली की त्याची वेळ घेऊन टाका.